मोजणीतून सुटलेल्या काकू

३ मे
आजपासून परत फोन. गेल्या पाच वर्षांत स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं आणि आज जिवंत आहेत — अशा बायका शहराच्या कुठल्या भागात किती, ते मोजायचं. त्यावरून नर्स, खाटा, मशिनं ठरणार. म्हणजे माझं काम एकच, बाई आहे की गेली ते विचारणं. पण तसं विचारायचं नाही! "तब्येत कशी आहे?" म्हणायचं.

किती घरांतून "राँग नंबर". निम्मे खोटं बोलतात. आजार लपवतील आणि मग दवाखाना का नाही म्हणून भांडतील.

४ मे
एक नवरा म्हणाला, "ती नाही." मी हळहळले, दोन शब्द बोलले. तो — "अहो, बाजारात गेलीय!"

घरी कुलूप काढताना मोठ्यानं "आले गं" म्हटलं. आई जाऊन तीन वर्षं झाली. जीभ ऐकत नाही.

७ मे
शिंपीणकाकूंचा नंबर या वर्षी यादीत आलाच नाही. यादी दोनदा चाळली. साहेबांना विचारलं. "गेल्या नाहीत हो, पाच वर्षं पूर्ण झाली. सुटल्या मोजणीतून!"

चांगली बातमी. मग कामात लक्ष का लागेना?

दर मे महिन्यात त्या फोन उचलायच्या तेच — "काय मोजणीबाई, आहे मी अजून! लिहा." मागे शिलाई मशीन खडखडत असायचं. स्वतःच्या ब्लाउजला एका बाजूनं कापूस कसा भरतात, ते हसत सांगायच्या. शेवटी ठरलेलं — "जेवलात का?" वर्षातून एकदा का होईना, मला हे विचारणारं दुसरं आहे कोण? वहिनीचा फोन येतो, पण भावाच्या तक्रारी सांगायला.

१० मे
साहेबांशी वाद. म्हटलं, पाच वर्षांनीही काकूंचा ऑपरेशनच्या बाजूचा हात सुजतोच ना? त्यांना कुठे मोजायचं? "जन्मभराच्या मोजायच्या तर नर्स किती लागतील!" "तेच तर विचारतेय." पालथ्या घड्यावर पाणी. स्वतः एक फोन करत नाहीत, नुसत्या उंटावरून शेळ्या हाकतात!

काकूंना सहज फोन करू का, विचारलं. नाही म्हणाले. कामाशिवाय पेशंटला फोन करायचा नाही. नियम बरोबर आहे. तरी रडू आलं, बाथरूममध्ये जाऊन रडले.

१३ मे
रविवार. कोणाशी बोलले नाही. दूधवालाही पिशवी अडकवून निघून गेला.

१६ मे
मनात आलं, काकूंच्या निदानाची तारीख वर्षभर पुढे सरकवावी. कोणाला कळतंय! पण खोटी बाई वाढली की खरी नर्स भलत्याच दवाखान्यात जाते. नाही केलं. दिवसभर मात्र तेच घोकत होते — एक वर्ष, अजून एकच वर्ष त्या आमच्यात असत्या तर!

१७ मे
डोकं दुखतंय. बेचाळीस फोन.

२३ मे
ऑफिसात फोन वाजला. आम्हाला उलटा फोन कोणी करत नाही.

"मोजणीबाई, परत घ्या मला तुमच्यात. या खेपेला डावीकडे निघालंय."

आवाज ओळखला आणि मला इतका आनंद झाला! त्या काय म्हणाल्या, ते नंतर पोचलं.