पाठीवर हुक लावलेला वाघ

आदरणीय दादांस,

आपल्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार. साष्टांग घालायची फार इच्छा होती, पण आठांपैकी दोन अंगं, म्हणजे गुडघे, सध्या संपावर आहेत. तेव्हा सहांवर भागवून घ्यावं. आपला खोकला कसा आहे? वहिनींची पाठ? निवृत्त झाल्यापासून आपण रोज सकाळी तास-दीड तास न थांबता चालता असं कळलं. ऐकून मनापासून आनंद झाला. (किती आनंद झाला ते पुढे कळेलच.) इकडे सगळं ठीक आहे. मध्यंतरी मी वाघ झालो होतो, एवढंच.

घाबरू नये, सविस्तर सांगतो. दाढ काढायला गेलो होतो. दाताच्या डॉक्टरांकडे बाहेर बसलो असताना समोरच्या भिंतीवर एका वाघिणीचा फोटो दिसला. कोणीतरी लावलेल्या फाशात तिचा पुढचा पाय अडकला होता. तीस वर्षं मी बायकांचे कपडे शिवतोय. कुठे किती आवळलं की माणूस कळवळतं, हे माझ्या बोटांना कळतं. ती तार हाडापर्यंत गेली होती. सरळ सांगतो, मला रडू आलं. (डॉक्टरांना वाटलं मी दाढेला घाबरलो. तेही खरं होतं, पण ते नंतर.) शिवाय मनात आलं, वाघाच्या पट्ट्यांचं कापड आपण आजवर ताग्यांनी कापलं, पैसे मिळवले, आणि ज्याचे पट्टे त्याला एक दमडी दिली नाही. त्याच संध्याकाळी, गाल सुजलेला असताना, फोटोखालच्या पत्त्यावर जाऊन थडकलो.

सायकलच्या दुकानावर दोन खोल्या, आणि तिथे निधी गोळा करणाऱ्या एक बाई. त्यांनी सांगितलं की ती वाघीण वाचली, लंगडते, पण आता तिला दोन पिल्लं आहेत. त्या भागात दोन माणसं रोज जंगल पायी तुडवून तारेचे फासे शोधून काढतात. त्यांच्या पगाराचे पैसे महिनाअखेर संपणार, आणि मग फासे काढायला कोणीच नाही. मी खिशात होतं ते दिलं, पण तेवढ्याने त्यांच्या बुटाच्या नाड्याही आल्या नसत्या. बाई म्हणाल्या, काही लोक बागेतल्या तळ्याला फेऱ्या मारतात आणि ओळखीचे लोक त्यापायी देणगी देतात. मी ताबडतोब चाळीस फेऱ्या कबूल केल्या. वर वाघाच्या वेषात मारीन असंही म्हणालो. (आपली बहीण म्हणते की मला तोंडावर चेन शिवून घ्यायची गरज आहे.)

आमच्या गल्लीने कधी नव्हे तो हात सैल सोडला. चहावाला, न्हावी, इस्त्रीवाला, सगळ्यांनी कागदावर सह्या केल्या. मात्र अट घातली की महिनाअखेरपर्यंत चाळीस पुऱ्या झाल्या तरच पैसे, एकही कमी पडली तर काही नाही. इस्त्रीवाल्याने तर सगळ्यांच्या दुप्पट आकडा लिहिला, कारण मी तिसऱ्या फेरीत बाकावर बसेन याची त्याला खात्री होती.

मग वेष शिवायला घेतला. आपल्याला ठाऊक आहे, शिवणीवर पट्टा पट्ट्याला जुळला नाही तर मला जेवण जात नाही. मी दोन्ही बाजूंचे पट्टे असे जुळवले की मध्ये आरसा ठेवावा. अभिमानाने बाईंना दाखवायला नेला. त्या म्हणाल्या की वाघाच्या डाव्या-उजव्या अंगाचे पट्टे कधीच सारखे नसतात, त्यावरूनच तर जंगलात त्याला ओळखतात. म्हणजे निसर्गाने मुद्दाम न जुळवलेलं मी जुळवून बसलो होतो! अख्खा वाघ उसवला. आणि पट्टे मुद्दाम वाकडेतिकडे लावले.

ठरलेल्या रविवारी सकाळी आपल्या बहिणीने मला वेषात घातलं, पाठीवरचे चोवीस हुक लावले आणि ती इस्पितळात ड्यूटीवर गेली. पाठीवर हुक का, असं आपण विचाराल. दादा, तीस वर्षं झगे शिवणारा माणूस हुक दुसरीकडे कुठे लावणार? हात आपोआप तिकडेच गेला. सतरा फेऱ्या झोकात झाल्या. अठराव्या फेरीला गुडघ्यांनी दगा दिला, आणि त्याच वेळी निसर्गाची हाक आली. (ती थांबवता येत नाही.) वाघ बागेतून निघाला तो थेट गल्लीत. चहावाल्याने हात वर केले. न्हाव्याने दोन हुक काढले, पण त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी ओरडायला लागलं. शेवटी माझ्या जुन्या गिऱ्हाईक, बँकेतल्या कॅशियरबाई, भेटल्या. त्यांनी बाकीचे बावीस हुक मिनिटात सोडवले, तेही एका हाताने, आणि म्हणाल्या, “मास्तर, आम्ही हे तीस वर्षं एकट्याने करतोय. कसं वाटतंय?” मी उत्तर द्यायला थांबलो नाही.

आता तेवीस फेऱ्या उरल्या आणि एकच रविवार. आपली बहीण घरातही नर्सच असते. तिने मला तीनच फेऱ्यांची परवानगी दिली आहे. गल्ली हसते. इस्त्रीवाला तर मला पाहिलं की बाक पुसून देतो. पण ते दोघं आजही जंगलात तारा शोधत हिंडताहेत, आणि ती लंगडी आपल्या पिल्लांना त्याच वाटेने पाण्यावर नेते. मी मागे हटणार नाही, मग कोणी काही म्हणो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि खोकल्याला माझ्याकडून रजा द्यावी.

आपला,
मेहुणा

ता. क. गल्लीचा कागद मी पुन्हा वाचला. ‘वाघाने चाळीस फेऱ्या माराव्यात’ एवढंच लिहिलं आहे. कोणत्या वाघाने, ते लिहिलेलं नाही. आपली छाती, कंबर आणि उंची उलट टपाली कळवावी.

ता. क. दुसरं. मापं कळवायची तसदी घेऊ नये. आमच्या लग्नातला आपला कोट मीच शिवला होता, ती वही सापडली. पोटाला पाच इंच वाढवून धरले आहेत. (आपल्या बहिणीने आठ सांगितले होते.)

ता. क. तिसरं. ती म्हणते, दादा चिडेल. खुशाल चिडावं, पण इथे येऊन चिडावं. शनिवारी संध्याकाळी स्टँडवर घ्यायला येतो. नकार मात्र कळवू नये. कापड कापून झालं आहे.