जोडीतलं दुसरं पाकीट

प्रिय शिवा,

काल माझं पाकीट परत आलं. पंचवीसेक वर्षांनी तुला पाठवलेलं पहिलं पाकीट! पोस्टमन म्हणाला, "काका, इथं सही करा." मी विचारलं, "पत्ता चुकला का हो?" त्याने नुसतं पाकिटावर बोट ठेवलं. निळ्या पेनाने लिहिलं होतं: इसम मयत, सबब परत.

तू गेलास हे मला असं कळलं. थेरगावातून काळेवाडीला रिक्षाने दहा मिनिटं लागतात रे! म्हणून आज लिहायला बसलो. दुसऱ्या कुणाला सांगू? घरात मी आणि टीव्ही.

आठवतं, आपण काळेवाडीच्या त्या पत्र्याच्या खोलीत राहायचो? मी लातूरहून आलेला, तू कोकणातला. तेव्हा पोस्टाचे दर वरचेवर वाढायचे. बाकीचे कुरकुरायचे, आणि तू पहिली शिफ्ट संपवून युनिफॉर्मवरच पोस्टात पळायचास! मला वाटायचं, हा गडी तिकिटं जमवतो. तू वैतागायचास. "तिकीट नाय रे, आख्खं पाकीट! नव्या दराच्या पयल्या दिवसाचा शिक्का पायजे त्याच्यावर."

नव्या किमतीचं तिकीट छापून येईपर्यंत जुनीच तिकिटं जोडून बेरीज जुळवायची. पाकिटावर पत्ता लिहायला जागा उरायची नाही. आत काय, तर कोरा पुठ्ठा! दर बदलला की त्या दिवशी एक पाकीट तू मला टाकायचं, एक मी तुला. अल्बम एकच, तुझ्याकडे. डाव्या पानावर तुझं, उजव्या पानावर माझं. लग्नं झाली, घरं वेगळी झाली, तरी हे सुटलं नाही.

आणि मग मी तो गाढवपणा केला. अल्बममधलं एक पाकीट घरी नेलं आणि त्यावरचं तिकीट पाण्यात भिजवून सोडवलं. सुटं छान दिसेल म्हणून! शिक्का अर्धा गेला. तू डांगे चौकात, चहाच्या टपरीवर, कंपनीतल्या चार लोकांसमोर म्हणालास, "तुझ्या हातात काय देण्यात अर्थ नाय." चूक माझीच होती. पण चार लोकांसमोर बोलायलाच हवं होतं का रे?

मी अबोला धरला. महिन्याभरात दर वाढले आणि तुझं पाकीट आलं, मुद्दाम जुन्या दराचं तिकीट लावलेलं. नॉटपेड! घेणाऱ्याने दंड भरायचा, म्हणजे पाकिटावर एक शिक्का जास्त पडतो. तुझी आवडती खोडी. तू समेट करायला आला होतास, मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी पोस्टमनला मी म्हणालो, "घेत नाही. परत न्या."

संध्याकाळपर्यंत पस्तावलो होतो. पण ताठा! म्हटलं, पुढच्या वेळी दर वाढले की आपण होऊन पाठवू. आणि साध्या पत्राचा दर वाढेचना! जग महागाईला शिव्या देत होतं आणि मी दर बजेटला पेपरात पोस्टाचे दर वाढल्याची बातमी शोधत होतो. कंपनीत तू दुसरी शिफ्ट मागून घेतलीस. मग तू रिटायर झालास, मी झालो. ही गेली, तेव्हा तू तिसऱ्या दिवशी स्मशानात लांब उभा दिसलास. मी हात का नाही केला? रोज विचारतो स्वतःला.

आता स्पीड पोस्टाचे दर बदलले. साध्या पत्राचे नाहीत, पण म्हटलं चालेल. पहिल्याच दिवशी गेलो. काउंटरवरच्या बाई नुसतं लेबल लावत होत्या, त्यांना म्हटलं, तिकिटंच द्या. आत कोरा पुठ्ठा घातला. शिवा, तुला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते, दर बदलायला तेवढा उशीर झाला. नाही, उशीर मला झाला.

आज सकाळी वहिनींकडे गेलो. त्या दार उघडून बघतच राहिल्या. "भावजी, तुमी होय!" एवढंच म्हणाल्या आणि आतून अल्बम घेऊन आल्या. "ह्यांनी कोणाला हात लावू दिला नाय. तुमी येतलात म्हणायचे."

शेवटच्या डाव्या पानावर ते नॉटपेड पाकीट होतं. त्यावर 'घेण्यास नकार' हा शेरा. तू त्याच्याभोवती पेन्सिलीने चौकट आखली होतीस, एखादं दुर्मिळ पाकीट मिळाल्यासारखी. उजवं पान कोरं. खाली तुझं अक्षर: अरुणचं पाकीट. जागा ठेवावी.

मी वहिनींसमोर रडलो रे.

माझं पाकीट आता त्या पानावर आहे. डावीकडे माझा नकार, उजवीकडे तुझ्या जाण्याचा शेरा. अशी जोडी कुठल्याच अल्बममध्ये नसेल, तू नाचला असतास! वहिनी म्हणाल्या, अल्बम घेऊन जा. मी तिथेच ठेवला. महिन्यातून एकदा बघायला जाईन, तेवढंच कुणाशी बोलणं होईल.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तोच शेरा पुन्हा वाचवणार नाही. पण एक शब्द देतो. साध्या पत्राचा दर ज्या दिवशी वाढेल, त्या दिवशी जुन्या दराचं तिकीट लावून मी एक पाकीट टाकीन. पाठवणारा तू, घेणारा मी. पोस्टमन दंड मागायला येईल तेव्हा सुटे पैसे घेऊन दारात उभा असेन. या वेळी घेईन रे.

तुझा,
अरुण