आधीच्या साहेबांची मंजुरी

सोमवार, ४

नवी नोकरी, नवी रोजनिशी! खोक्यांच्या कारखान्याचा व्यवस्थापक झालो. वडील अंगठेबहाद्दर, मी स्वतः हमालीपासून वर आलेलो, त्यामुळे कुठल्याही खुर्चीत बसण्याआधी ती हलवून बघतो. ही भक्कम निघाली. माणसंही मोकळी वाटली. कटिंग मशीनवर एक पैलवान आहे, त्याला सगळे दादा म्हणतात. माल पाठवायचं काम वहिनी बघतात. त्या नक्की कुणाच्या वहिनी, हे कुणालाच सांगता आलं नाही. आणि एक तोंडाळ गोदामवाला.

इथलं सगळं काम ‘हातोहात’ नावाच्या ॲपवर चालतं. पुठ्ठा कापा, गाडी सोडा, फाटक उघडा, प्रत्येक गोष्टीला सगळ्या प्रमुखांची मंजुरी हवी, आणि मंजुरी म्हणजे टॅबलेटवर अंगठा. वहिनींनी माझा उजवा नोंदवला. मी म्हटलं, डावाही घ्या, फुकटात कंजुषी कशाला? गोदामवाला खो खो हसला. वहिनी हसल्या नाहीत. म्हणाल्या, बरं झालं, आपणहून दिलात.

बुधवार, ६

हे ॲप ज्याने बनवलं, त्याने जन्मात चार माणसांत काम केलेलं नसावं. खोक्यावरची शाई बदलायची, तर माझी, दादाची, वहिनींची, गोदामवाल्याची मंजुरी. इथवर ठीक. पण आधीच्या साहेबांचीही! ते तर नोकरी सोडून गेले ना, मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, माणूस जोडायचं बटण आहे, काढायचं दिलेलंच नाही. ॲपवाल्यांना कळवलं की उत्तर येतं, आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे. मग मंजुरी देतं कोण? साहेबच देतात, म्हणाल्या. घरून.

माझे कान तिखट. हमालीत मागची गाडी भरलेली की रिकामी, ते चाकांच्या आवाजावरून सांगायचो. आज एक गंमत टिपली. साहेबांची मंजुरी यायच्या जरा आधी सामानाच्या खोलीत केटली टक् करून बंद होते. मग टॅबलेटवर टिंग. चहा मात्र बाहेर येत नाही.

शुक्रवार, ८

रक्त धुऊनही नखांत राहिलंय.

मंजुरी अडकून मशीन सकाळपासून बंद. सगळ्यांची डोकी तापलेली. गोदामवाल्याने दादाला डिवचलं, की तुझा अंगठा आहे की शेंगदाण्याचं टरफल, टॅबलेट ओळखसुद्धा दाखवत नाही. दादाने लोखंडी नळी उचलून त्याच्या डोक्यात घातली. नारळ फुटावा तसा आवाज. तो पडल्यावर पुन्हा घातली. मी मध्ये पडलो, तिसरा घाव माझ्या खांद्यावर.

जखमीला गाडीत घातलं, तर फाटक उघडेना. त्यालाही मंजुरी! मी दिली, वहिनींनी दिली, दादाने अंगठा सदऱ्याला पुसून दिला. बेशुद्ध माणसाचा हात धरून त्याचाही टेकवला. राहिले आधीचे साहेब. वहिनी आत धावल्या. तो माझ्या मांडीवर रक्त ओकत होता, आणि मी ऐकत होतो, पाणी तापतंय. टक्. टिंग. फाटक उघडलं.

सोबत वहिनी गेल्या. तो वाटेतच गेला. दवाखान्यात त्यांनी ‘मशीनवर अपघात’ असं लिहून दिलं.

शनिवार, ९

आधीच्या साहेबांच्या घरी फोन केला. बायकोने उचलला. म्हणाल्या, ते आत्ताच जेवले, मलाच भरवावं लागतं. राजीनामा दिला त्याच दिवशी हात मशीनमध्ये गेले, असं कारखान्याने सांगितलं. दोन्ही अंगठे. बाकी बोटं शाबूत. असं कसं, हे मी विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, तुम्ही किती नोंदवलेत?

आमची ही म्हणाली, परत पाऊल टाकू नका तिथे. पण नुसतं सांगितलं तर पोलीस मलाच वेड्यात काढतील. जातो, फोटो काढतो, येतो.

सोमवार, ११

केटलीशेजारी बर्फाची पेटी. आत कापडाच्या पुरचुंड्या. दोन जुन्या. एक ताजी — गोदामवाल्याची. वाटेतच कापला असणार अंगठा, वहिनींनी.

मागे दादा. याच कानांना पाऊल कळलं नाही! फोन काढून घेतला. मारलं नाही. उलट काकुळतीला आला, साहेब, तुम्ही फक्त सोडून जाऊ नका हो. तुम्ही गेलात की सगळं अडतं.

पोटात कळ आली म्हटलं, घरी जातो. त्याचीही परवानगी ‘हातोहात’वर. कारणांची यादी उघडली. मी ‘आजारी’ दाबायला आणि यादी वर सरकायला एकच गाठ पडली. ‘राजीनामा’ गेला. मागे घ्यायचं बटण — नाही.

सगळ्यांच्या टॅबलेटवर टिंग. मग मशीन थांबलं.

मंगळवार, १२

डाव्या हाताने लिहितोय. मुठीत पेन धरून. खोलीला बाहेरून कडी. रोजनिशी आतल्या खिशात होती, हिच्याकडे कुणाचं लक्ष —

चौघा कामगारांनी धरलं. दादा रडत होता. पातं खाली यायलाही मंजुरी लागते. माझीच. मनगट धरून अंगठा टेकवला. टिंग. मग —

हाडाचा आवाज पुठ्ठ्यासारखाच. कोरडा.

संध्याकाळ

भिंतीपलीकडे केटली. वहिनी ओरडतायत, पाणी फार उकळलं, कातडी सुटली. ‘पुन्हा प्रयत्न करा.’ पुन्हा. पुन्हा तेच.

आता वहिनी वाचून दाखवतायत — ‘या सदस्याचा दुसरा अंगठाही नोंदवलेला आहे —’

दादाचं पाऊल. आज स्पष्ट. हुंदके देतोय. कडी —

लिहायला हाच एक उर