झऱ्याचा डोळा

वायकावासी, ६ ऑगस्ट

चि. निकानोरास,
दादाचे अ. आ. आई आणि कळप खुशाल.

तू पाठवलेलं सिमेंट पोचलं. चार लामांच्या पाठीवर वाटून लादलं नि डोंगरावर आणलं. त्यातला एक वाटेत बसला तो उठेना. आई म्हणाली, सासरी जाताना निकानोरा अशीच बसली होती. पाणी जिथून वर येतं त्या झऱ्याच्या डोळ्याभोवती हौद बांधला, झाकण घातलं, नळी बसवली. आता आईला पाण्यासाठी वाकावं लागत नाही. तरी ती पुटपुटत होती, की झऱ्याच्या डोळ्याला आभाळ दिसलं पाहिजे, नाहीतर पाणी रुसतं. मी म्हटलं, लेकीनं मायेनं धाडलंय, गप घे. धरणीला कोकाची पानं वाहिली, मारियामातेपुढे मेणबत्ती लावली. झऱ्याखालची दलदल हिरवी आहे. अल्पाका चिखलात तोंड खुपसून चरतात.

मुलांना पापे. आठवण काढत जा.
तुझा दादा, फाउस्तिनो

आरेकिपा, २ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वाचून जीव निवला. आईला सांगा, इथं अख्खं शहर नळाचं पितं, कुणाचं पाणी रुसत नाही. आणि आडमुठ्या लामाला माझं नाव देऊ नका. झाकणाला फटी राहिल्या असतील तर उरलेल्या सिमेंटनं लिंपून घ्या. माझ्या धाकटीला यंदाच्या पिलांच्या लोकरीची टोपी हवी आहे.

माया आहे तशीच ठेवावी.
तुमची निकानोरा

वायकावासी, १९ ऑक्टोबर

चि. निकानोरास,
अ. आ.

तू लिहिलंस तशा फटी लिंपल्या. पंधरवड्यात नळीतून थेंब येऊ लागले, मग नुसती हवा. पहारीनं हौद फोडला. खाली ओल होती, डोळा नव्हता. कोंडलेलं पाणी खडकातून पलीकडच्या कड्यावरून दरीत पडतंय. आवाज ऐकू येतो, जनावर पोचू शकत नाही.

गेलेलं पाणी परत बोलवायच्या रिवाजाप्रमाणे लांबच्या जिवंत झऱ्याचं पाणी मडक्यात घेऊन दीड दिवस चाललो. मडकं कुठं टेकवलं नाही, कुणाशी बोललो नाही. प्रार्थना म्हणून ते जुन्या डोळ्यात ओतलं. मातीनं पिऊन टाकलं.

दलदल वाळून तडकली. पावसाला दोन महिने आहेत. अकरा पिलं गेली. टोपीचं धाकटीला तूच सांग. उरलेला कळप व्यापारी सोमवारी नेईल. नंतर आईला घेऊन तुझ्याकडे उतरतो. ती एक टोमणा मारत नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं.

अल्पाका रोज सकाळी फुटक्या हौदापाशी जाऊन उभ्या राहतात. हाकललं तरी हलत नाहीत.

तू मनाला लावून घेऊ नकोस. सिमेंट चांगलं होतं. फोडायला मला दोन दिवस लागले.

आहे ती माया राहू दे.
दादा