आईला नेलं ती वाट

बौद्धवाडी, सुरूवाडी
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय रत्नपालदादा,

सप्रेम जयभीम. वहिनीला सांग, तिने पाठवलेला स्वेटर मला नीट बसला. दिशाची परीक्षा कशी गेली ते कळव. इकडे थंडी पडायला लागली आहे. शाळा चालू आहे. तिसरीच्या वर्गात मुलं तेवढीच आहेत, गोंगाट मात्र वाढला आहे. हे सगळं फोनवर बोलले असते, पण फोनवर तू लगेच वकील होतोस आणि मी गप्प बसते. म्हणून लिहिते आहे.

प्रकरण मिटावं म्हणून रिसॉर्टवाल्याला द्यायला तू तयार केलेला माफीनामा मिळाला. सोबत शब्दांचे अर्थही समजावून लिहिलेस, बरं केलंस. त्याची भिंत फोडणं हा गुन्हा, कारण त्यात कायदा मोडला. तिथे पोलीस येतात. ती भिंत घालून त्याने आपली वाट अडवली, तो हक्कभंग. तिथे ज्याचा हक्क मोडला त्यानेच दावा लावायचा आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट सिद्ध करायची. म्हणजे त्यांची भिंत पडली की सरकार धावणार, आणि आपली वाट बंद झाली की आपण कोर्टाचे उंबरे झिजवायचे. तू चुकीचं सांगितलेलं नाहीस, याचंच वाईट वाटतं.

वहिवाटीचा कागद आणायचा कुठून? आपल्या मयताला गावच्या रस्त्याने न्यायला मनाई होती, म्हणून आजोबांच्या वेळी सुरूच्या बनातून स्मशानाकडे ही वाट पडली. असल्या मनाईचा कागद कोण करून ठेवतो? आज गावचा रस्ता कुणी अडवत नाही, हे खरं. आईला घेऊन आपण त्या भिंतीपाशी थांबलो तेव्हा तूही तेच म्हणालास. फाटकाला कुलूप आहे, मालक फोन उचलत नाही, मागे वळू आणि डांबरी रस्त्याने नेऊ. तुझं म्हणणं व्यवहाराचं होतं. पण खांदा देऊन उभे असलेले दादूकाका काय म्हणाले, तेही तू ऐकलंस.

"ही वाट आमी मागितली नव्हती, गावानंच दिली. आता ती बी न्हाय म्हनतात. इंदूवैनी इथनंच जानार हाय."

पुढचं तुझ्या माफीनाम्यात असं आहे, की दादूकाकांच्या मुलाने, संघर्षने, पहार आणली, भिंत फोडली, त्याला पश्चात्ताप होतो आहे आणि या जागेवर वाडीचा कोणताही हक्क नाही.

दादा, पहार त्याने आणली. पहिला घाव माझा होता. तू शेजारीच होतास. "रचना, नोकरी जाईल तुझी," असं म्हणत तू माझा हात धरलास आणि मी तो सोडवून घेतला. पोलिसांना तू माझं नाव सांगितलं नाहीस. संघर्षनेही नाही. आणि मीही गप्प राहिले, शाळेत जात राहिले.

संघर्ष पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पास झाला आहे. असा कबुलीचा कागद असला की चारित्र्य पडताळणीत काय होतं ते तुला माहीत आहे. परवा घरी येऊन म्हणाला, "ताई, करतो मी सही. तुजी नोकरी तरी टिकंल." मला रडू आवरलं नाही, त्याच्यासमोरच रडले.

काल मी पोलीस ठाण्यात जबाब देऊन आले. भिंतीवर पहिली पहार मी घातली, गुन्हा असेल तर तो माझा, असं सांगितलं. आता खात्याची चौकशी लागेल, निलंबनही होईल कदाचित. मला फार भीती वाटते आहे, हे तुझ्यापासून कशाला लपवू? पण आपली आई जिथून गेली तिथे आपला हक्क नव्हता, अशा कागदाखाली आपल्या घरातल्या कुणाचीही सही मला चालणार नाही. माफीनामा बिनसहीचाच परत पाठवते आहे.

वाटेचा दावाही लावतो आहोत, दादूकाका आणि मी. खरं तर आधी तुलाच विचारायला हवं होतं. पण तू नाही म्हणाला असतास तर मला सोसलं नसतं, म्हणून तुझ्याच अलिबागच्या कोर्टातल्या एका वकीलबाईंना विचारलं. त्या तयार आहेत. त्यांना एवढंच सांगून ठेवलं आहे, की माझा भाऊ आला तर सगळे कागद त्याच्या हातात द्यायचे.

आईनंतर घरात मोठा तूच आहेस.

तुझी,
रचना