कांदळाची उलटी रांग

प्रिय भित्रूबाई,

फोनवर मी 'पत्रानं कळवते' म्हणाले आणि ठेवून दिला, तेव्हापासून तू दारात पोस्टमनची वाट बघत असणार. बघ. फोनवर मला दोन वाक्यांच्या वर नीट बोलता येत नाही, तिसऱ्या वाक्याला मी ओरडायला लागते, आणि ही गोष्ट ओरडून सांगायची नव्हे. तुझा चष्मेवाला येऊन गेला. तू त्याला सांगितलंस म्हणे, की माझ्या सासूबाई हो म्हणाल्या तर लग्न, नाही म्हणाल्या तर विषय संपला. सगळं माझ्याच अंगावर ढकलून मोकळी झालीस की गं! तर माझं उत्तर या पत्राच्या शेवटी आहे. आधी शेवट वाचायची तुला खोड आहे म्हणून बजावते, पानं उलटू नकोस.

सकाळच्या बसमधून उतरला. पायांत पॉलिश केलेले बूट, हातात सफरचंदांची पिशवी, आणि चेहरा असा की जणू दाढ काढून घ्यायला आलाय. मी त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, की आज ओहोटी लवकर आहे, मला कामावर जायचंय, बोलायचं असेल तर चिखलात चल. खरं सांगू? घरात त्याच्यासमोर बसायची माझी हिंमत नव्हती. भिंतीवर माझ्या मुलाचा फोटो, समोर हा, आणि मध्ये मी. त्यापेक्षा चिखल बरा.

आम्हा बायकांचं काम सध्या कोळंबीच्या त्या टाकून दिलेल्या तळ्यात चाललंय. तळ्यासाठी तिथली सगळी खारफुटी तोडली होती, आठवतं ना, आणि मग मालकानंच तळं सोडून दिलं. आता बांध फुटलाय, भरतीचं पाणी आपसूक आत येतं, म्हणून तिथे आम्ही पुन्हा खारफुटी लावतोय, लाल कांदळाची. तुला यातलं काही सांगायला नको, पण त्याला पहिल्यापासून सांगावं लागलं. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं, ही लांब हिरवी शेंग दिसते ती शेंग नव्हेच, तयार रोप आहे. जाड तपकिरी टोक चिखलात खोचायचं, कळीचं बारीक टोक वर ठेवायचं. त्यानं शहाण्या मुलासारखी मान डोलावली. मी त्याच्यापुढे टोपलीभर शेंगा ठेवल्या, दोरी बांधून रांग आखून दिली आणि होडी घेऊन आणखी शेंगा आणायला पलीकडच्या काठाला गेले. परत येते तो रांग पुरी झालेली, कुठे तसूभर वाकडी नाही, आणि एकूण एक शेंग उलटी. कळ्या चिखलात, मुळं आभाळात. आमच्या बायका पाठ फिरवून खुसुखुसू हसत होत्या, पण एकीनं त्याला सांगायचं नाव नाही. मेल्या सगळ्या सारख्याच.

मग कळलं, की मी होडीकडे वळले तेव्हा तळ्यात उतरतानाच त्याचा पाय घसरला होता आणि चष्मा चिखलात गेला होता. लोकांना चष्मे करून देणारा माणूस, स्वतःचाच हरवला हे सांगायची लाज वाटली, म्हणून चाचपत, अंदाजानं लावत बसला होता. मी इतकी हसले की मला बांधावर टेकावं लागलं. यापूर्वी अशी कधी हसले होते ते आठवत नाही. म्हणजे आठवतं, पण ते राहू दे. त्यानं सगळी रांग उपटली आणि पुन्हा लावायला घेतली. आता आम्ही करतो म्हटलं तरी ऐकेना. एकेक शेंग नाकाजवळ नेऊन बघायचा आणि मग खोचायचा. चष्मा शेवटपर्यंत मिळाला नाही, आणि बुटांचं काय झालं ते तर विचारूच नकोस.

पाणी चढल्यावर आम्ही दोघं होडीत बसलो. मला वाटलं, आता हा मुद्द्यावर येईल, दुकान कसं चालतं, घर केवढं आहे, तुला कसं सुखात ठेवील. माझंही उत्तर तयार होतं, आणि ते 'नाही' होतं. हे तुला कळायलाच हवं. तुझं पुन्हा सगळं नीट व्हावं असं मी चारचौघांत म्हणत होते, तुला शहरात नोकरीला मीच धाडलं, पण खरोखर कोणी मागणी घालायला आला तेव्हा मला तो डोळ्यांसमोर नको झाला. तू दुसऱ्याची झालीस की माझ्या मुलाची आठवण काढायला मी एकटीच उरणार, असं वाटलं. आणि या माणसानं विचारलं काय, तर, "तुमचा मुलगा कसा होता? ती सांगायला लागली की रडते, म्हणून मी तिला फार विचारत नाही. तुम्ही सांगाल?"

अगं, तो गेल्यापासून हे मला कोणी विचारलेलं नाही. त्याचं नाव निघालं की शेजारीपाजारी विषय बदलतात, मला वाईट वाटेल म्हणून. तू बदलतेस, मीही बदलते. मग मी सांगत सुटले. संध्याकाळी कांदळात बगळे झोपायला येतात म्हणून तो खाडीच्या वळणावरच होडीचं इंजिन बंद करायचा आणि वल्ही मारत यायचा, आणि तू गार झालेलं जेवण पुढ्यात घेऊन चिडत बसायचीस. पण तूच एकदा इंजिन चालू ठेवून आलीस तेव्हा पाखरं उठलेली बघून किती ओशाळली होतीस! गुण सगळेच सांगतात, मी त्याचे रुसवेही सांगितले. जाळं फाटलं तर जाळ्यावर रुसायचा, आपल्याशी बोलायचा नाही. शेवटी ताप अंगावर काढत राहिला आणि दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला, तेही सांगितलं. बोलता बोलता मला रडू आलं. त्याला माझा चेहरा दिसत नव्हता एवढं बरं. पण होडी वाहवत चाललीय हे त्याला कळलं असावं, कारण त्यानं हलकेच वल्ही माझ्या हातातून घेतली आणि होडी सरळ कांदळाच्या मुळांत नेऊन घातली. बगळ्यांचा अख्खा थवा आमच्या डोक्यावरून उठला.

नेमकी ती जागा तुझी होती. नवी नवी आली होतीस तेव्हा एक एवढासा खेकडा बघून तू तिथल्या मुळावर चढून बसलीस आणि भरती आली तरी उतरेनास. शेवटी नवऱ्यानं खांद्यावर घेऊन आणलं आणि मी तुझं नाव भित्रूबाई ठेवलं. त्या जागेशेजारी तुम्ही दोघांनी लावलेली झाडं आता माझ्या डोक्याच्या वर गेलीत. मुळांच्या कमानी झाल्यात, त्यांना कालवं चिकटलीत, आणि भरतीच्या वेळी त्या कमानींखाली माशांची पिल्लं इतकी असतात की पाणी नुसतं थरथरतं. यंदा तिथे बगळ्यांनी पहिल्यांदा घरटी केलीत. चष्मेवाल्याला यातलं काही दिसत नव्हतं, म्हणून मी एकेक गोष्ट सांगत होते. कुठल्या फांदीवर घरटं आहे, खंड्या कुठे बसलाय, खोडावर लाल खेकडे कसे वर सरकताहेत. तो ऐकत होता आणि मध्येच विचारत होता, हे झाड तिनं लावलेलं का त्यानं? ते मला सांगता आलं नाही. येशील तेव्हा तूच सांग. माझा मुलगा गेल्यापासून तू त्या काठाला फिरकलेली नाहीस, आणि मी कधी आग्रह केला नाही. आता करते.

तर माझं उत्तर 'हो' आहे. पण नुसतं तेवढं कळवायचं असतं तर फोनवरच ओरडून सांगितलं असतं. पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच धास्तीनं. तुझं लग्न झालं की मी तुझी कोण, हा प्रश्न मला छळत होता, आणि तो तुला तोंडानं विचारता येत नव्हता. सुनेला दुसरं सासर मिळालं की पहिल्या सासूनं काय म्हणवून घ्यायचं, हे कोणी ठरवून ठेवलेलं नाही. म्हणून हाताला धरून बसमध्ये चढवताना मी त्याला आडून आडून विचारलं, की तुझ्या आईला हे पसंत आहे ना? तर म्हणाला, "मला आई नाही. मी लहान होतो तेव्हाच गेली." मला वाईट वाटायला हवं होतं, ते नंतर वाटलंही. पण त्या क्षणी, तुझ्यापासून काय लपवू, माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे तुझ्या सासूची जागा रिकामी आहे. ती मी सोडणार नाही. त्याला तसं सांगून टाक, आणि दोघं मिळून घरी या.

तुझी, आत्तापर्यंतची आणि यापुढचीही,
सासू