थाळ्या फिरतात, दांडा ढिम्म

३ मार्च

चि. खटपटीस अनेक आशीर्वाद.

माझे गुडघे गेले म्हणून तू शिलाई मशीनला घरी बनवलेली मोटर बसवून हॉस्टेलवर गेलीस. तुझी पाठ वळली आणि मोटर रुसली. चुंबकाच्या त्या दोन थाळ्या गरागरा फिरतात, मधला दांडा मात्र ढिम्म. घरभर सगळ्यांची धावपळ आणि तुझा बाप सोफ्यावर, अगदी तसं.

त्याने विजार दिलीय, खालून दुमडून शिवायला. म्हणाला, महिनाअखेर शिवून झाली तर ठीक, नाहीतर भंगारवाला मशीन नेईल. तिथे बुटांचं कपाट यायचंय. माझ्या मशीनच्या जागी त्याची खेटरं! मी दुसरीतून पळाले, पण मी लावलेलं बटण कधी निसटलं नाही. तू एवढी बुकं वाचलीस आणि दोन थाळ्या धरून ठेवता येईनात?

राग आहेच, पण लोभ कमी करू नकोस.
आजी

९ मार्च

ती. आजीस कृ. शि. सा. न. वि. वि.

आधी हसले, मग घाबरले. थाळ्या घट्ट बसवून स्क्रू आवळला होता. खरं सांग, तेल घातलंस ना? फिरणारं काही दिसलं की तुझा हात बुधलीकडे जातो. मागे खुर्चीच्या चाकांना घातलंस आणि बाबा जेवता जेवता बाल्कनीत पोचले. अगं, थाळी आणि दांडा यांनी एकमेकांवर घसरायचं नसतं, एकमेकांना धरून फिरायचं असतं.

चूक माझीही आहे. गोल दांड्यावर स्क्रूचं टोक कुठवर टिकणार? आता प्लग काढ, थाळ्या उतरव, तेल पुसून घे. स्क्रू टेकतो तिथे दांडा कानशीने जरा सपाट कर. स्क्रू आवळलास की वर माझं नेलपॉलिश थेंबभर सोड, म्हणजे थरथरीने ढिला होणार नाही. थाळ्या एकमेकींना ओढतात, मध्ये बोट घालू नकोस. बुधली कपाटात ठेव.

रागावलीस तरी माया असू दे.
तुझी खटपटी

३१ मार्च

चि. खटपटीस अनेक आशीर्वाद.

घातलं तेल! कोरडं फिरताना बघवत नाही मला. असो. तू सांगितलंस तसं केलं. उरलेलं नेलपॉलिश नखांना लावलं, वाया कशाला घालवायचं?

मोटर अशी सुटली की ती बंद करायचं बटण सापडेपर्यंत विजारीच्या दोन्ही पायांची तोंडं शिवून बंद! तुझ्या बापाने न बघता आज तीच चढवली आणि बेडकासारखा उड्या मारत सोफ्यावर आदळला. शिवायचं ठरलं होतं, शिवलं; उघडं ठेवायचं कोण बोललं होतं? पण तो हट्टाला पेटला आणि भंगारवाल्याला बोलावलंच.

भंगारवाला आला तो फाटकं पोतं घेऊन. माझं मशीन असल्या पोत्यात? आधी त्यालाच टीप मारून दिली. त्याने ती ओढून पाहिली, गुडघा लावून ताणली, आणि म्हणाला मशीन काही तो नेणार नाही, उद्या बाकीची पोती शिवायला घेऊन येतो. जाता जाता विचारत होता, सोफा द्यायचाय का.

मी म्हटलं, वरचा माणूस उठला की कळवते.

लोभ वाढव. तेल मी बघते.
आजी